पंतप्रधान बदलला की हवामानाची पॉलिसी बदलते का? ऑस्ट्रेलियातल्या कारखान्यांतून बघितलेलं

प्रश्न असा आलाय: "ताई, देशाचं नेतृत्व बदललं की क्लायमेट चेंजचं धोरण खरंच बदलतं, की नुसती भाषणं बदलतात? मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, आमच्या पुस्तकात सगळं क्योटो आणि पॅरिसच्या तारखांवरच संपतं."

क्योटो आणि पॅरिस हे हवामान बदल रोखायचे आंतरराष्ट्रीय करार, त्यांच्या तारखा पाठ कर, पेपरला लागतातच. पण उत्तर त्यांच्यात नाहीये. माझं म्हणणं असं की नेता बदलला की भाषण बदलतं, टार्गेट बदलतं, कधी कधी कायदाही बदलतो, पण सगळ्यात मोठा घाव बसतो तो पैसा लावणाऱ्याच्या भरवशावर, आणि तो भरवसा एकदा उडाला की पुढचा पंतप्रधान कितीही चांगला आला तरी लगेच परत येत नाही. आणि दुसरीकडे काही गोष्टी अशा असतात की कोणीही येवो, त्या जागच्या हलत नाहीत. त्या कुठल्या ते ओळखता यायला लागलं की कुठल्याही देशाची बातमी वाचताना गोंधळ होत नाही.

मी मूळची कोल्हापूरकडची, २००६ साली मेलबर्नला आले आणि तेव्हापासून काम एकच, कारखान्यांच्या गॅसचा, विजेचा आणि कार्बनचा हिशोब करायचा, आणि तो कमी कसा होईल ते सांगायचं. म्हणून ऑस्ट्रेलियाचंच सांगते. या विषयावर इतक्या वेळा खुर्च्या हललेला दुसरा देश मला तरी माहीत नाही. २००७ ते २०२२ मध्ये पंतप्रधान हॉवर्ड गेले, रड आले, मग गिलार्ड, मग परत रड, मग ॲबट, टर्नबुल, मॉरिसन आणि आता अल्बनीज. यातले रड, गिलार्ड आणि अल्बनीज लेबर पक्षाचे, बाकीचे लिबरल पक्षाचे. हे सात बदल, आणि त्यातले चार तर इलेक्शनमध्ये झालेच नाहीत, पक्षाच्या बंद खोलीत खासदारांनी मतदान करून नेता बदलला. हे लक्षात ठेव, कारण 'नेतृत्व बदल' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मतपेटी येते.

जॉन हॉवर्ड यांचं नाव निघालं की सगळे एकच सांगतात, की त्यांनी क्योटो करार पक्का करायला नकार दिला. खरं आहे ते. पण त्यांच्याच काळात २००१ मध्ये वीज कंपन्यांना ठरावीक वीज अक्षय ऊर्जेतून घ्यायला लावणारी सक्ती सुरू झाली, आणि सप्टेंबर २००७ मध्ये, म्हणजे जायच्या दोन महिने आधी, एक कायदा पास झाला, मोठ्या कारखान्यांनी दर वर्षी आपलं उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडलेला कार्बन, मोजून सरकारला कळवायचं, ३१ ऑक्टोबरच्या आत. रटाळ कायदा, कोणी त्याच्यावर भाषण केलं नाही, कोणी मोर्चा काढला नाही. माझं पोट त्याच कायद्यावर चाललंय म्हणून सांगत नाही, पण पुढे जे जे झालं ते या मोजणीच्या पायावर उभं राहिलं. पुढे परत येते त्याच्याकडे.

डिसेंबर २००७ मध्ये केविन रड यांनी शपथ घेतली आणि पहिलं सरकारी काम काय केलं तर क्योटोच्या कागदावर सही. लगेच बालीच्या हवामान परिषदेत ऑस्ट्रेलियासाठी टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या ऑफिसमध्ये त्या आठवड्यात जो उत्साह होता तो मी विसरणार नाही. पण सही करणं सोपं होतं, कारण सही पंतप्रधानाच्या हातात होती. खरं काम होतं उत्सर्जनाला किंमत लावायचं, म्हणजे सोडलेल्या दर टनामागे पैसे भरायला लावायचं, आणि ते सिनेटमधून, संसदेच्या वरच्या सभागृहातून, जायला हवं होतं. रड सरकारनं बिल आणलं, विरोधी पक्षनेते माल्कम टर्नबुल यांच्याशी बोलणी करून सौदा पण जमवला, आणि १ डिसेंबर २००९ ला टर्नबुल यांच्याच पक्षात नेतृत्वाचं मतदान झालं, त्यात टोनी ॲबट ४२ विरुद्ध ४१ अशा एका मतानं जिंकले. एका मतानं! दुसऱ्या दिवशी सिनेटनं बिल पाडलं. त्यात ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षानंही विरोधात मत दिलं, त्यांना ते बिल फारच मिळमिळीत वाटत होतं. आता बघ, देशाचा पंतप्रधान बदललेला नव्हता, विरोधी पक्षाचा नेता बदलला होता, आणि पॉलिसी तिथंच गाडली गेली. एप्रिल २०१० मध्ये रड यांनी योजना पुढे ढकलली, लोकांना वाटलं हा माणूस आपल्याच शब्दाचा नाही, आणि जूनमध्ये त्यांच्याच पक्षानं ज्युलिया गिलार्ड यांना बसवलं.

गिलार्ड यांचं सरकार अल्पमतातलं, ग्रीन्स आणि अपक्ष यांच्या टेकूवर. इलेक्शनच्या आधी त्या म्हणाल्या होत्या की माझ्या सरकारात कार्बन टॅक्स येणार नाही, आणि टेकू टिकवायचा तर कार्बनला किंमत लावणं भाग होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये कायदा झाला, १ जुलै २०१२ पासून टनाला २३ डॉलर. माझ्या मते त्या देशात झालेला तो सगळ्यात विचार करून लिहिलेला हवामान कायदा, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला पण तोच.

आता इथं जरा थांबते, कारण ही किंमत कारखान्यात नक्की काय करते ते पुस्तकात मिळणार नाही. त्या वेळी माझ्याकडे व्हिक्टोरिया राज्यातला एक दूध पावडरचा प्लांट होता. दूध पावडर करायची म्हणजे आधी दूध आटवायचं, मग उंच टॉवरमध्ये त्याचा बारीक फवारा सोडून त्यावर गरम हवा मारायची. ती हवा तापवायला गॅस लागतो, आणि काम झाल्यावर ती गरम, दमट, गोडसर दुधाच्या वासाची हवा चिमणीतून सरळ आकाशात जाते. चिमणीजवळच्या जाळीच्या मचाणावर उभं राहिलं की थंडीतसुद्धा चेहऱ्यावर ऊब लागायची, आणि मला दर वेळी तेच वाटायचं की हा सगळा विकत घेतलेला गॅस चाललाय. त्या हवेतली उष्णता पकडून आत येणाऱ्या थंड हवेला द्यायची, असा हीट एक्स्चेंजर बसवायचा माझा प्रस्ताव होता. खर्च १३ लाख डॉलर. वर्षाला गॅस वाचणार साधारण २ लाख ६० हजारांचा, म्हणजे पैसे फिटायला पाच वर्षं. बोर्डाचा नियम चार वर्षांचा, त्यामुळे आधी दोनदा फाईल परत आली होती. आता त्या गॅसबरोबर वर्षाला ३ हजार टन कार्बन पण वाचत होता, टनाला २३ डॉलर म्हणजे आणखी ६९ हजार. बेरीज केली तर ३ लाख २९ हजार, आणि पैसे चार वर्षांच्या आत फिटतात. जेमतेम, पण आत. एका ओळीनं फाईल पास झाली. प्लांट मोठा होता, २५ हजार टनांच्या मर्यादेच्या वरचा, त्यामुळे ती किंमत त्यांना थेट भरावी लागत होती, आणि ज्यांना भरावी लागते ते हिशोब नीट करतात.

तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये ॲबट निवडून आले, कार्बन टॅक्स रद्द करणार या एकाच मुद्द्यावर जवळजवळ सगळा प्रचार होता त्यांचा. कायदा तेव्हा रद्द झालेला नव्हता बरं का, तो झाला १७ जुलै २०१४ ला. पण प्लांटच्या मॅनेजरनं इलेक्शनच्या दुसऱ्या आठवड्यात मला फोन करून सांगितलं की थांबू या. कायदा पुस्तकात दहा महिने अजून होता, पैसे भरणं चालू होतं, आणि तरी तो मेलेला होता, कारण कोणीही पाच-दहा वर्षं टिकणारं मशीन दहा महिन्यांच्या किमतीवर घेत नाही. नेतृत्व बदलाचा परिणाम राजपत्रातल्या तारखेच्या खूप आधी सुरू होतो, हे मी त्या फोनवर शिकले.

गिलार्ड सरकारनं कार्बनच्या किमतीबरोबर जे पॅकेज आणलं होतं त्याचं काय काय राहिलं आणि काय गेलं हे बघण्यासारखं आहे. लोकांना वाढीव वीज बिलाची भरपाई म्हणून करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६ हजार डॉलरवरून १८ हजार २०० केली होती, ती राहिली, कार्बनची किंमत गेली तरी ती सवलत परत घ्यायची हिंमत कोणाला झाली नाही. स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणारं १० अब्ज डॉलरचं सरकारी महामंडळ कायद्यानं बनवलं होतं, ॲबट सरकारनं ते बंद करायचं बिल आणलं, सिनेटनं दोनदा नाकारलं, ते आजही कर्ज देतंय. आणि क्लायमेट कमिशन, जे लोकांना विज्ञान समजावून सांगायला नेमलं होतं, त्याच्यामागे कायदा नव्हता, नुसता सरकारी आदेश होता, ते नवीन सरकार आल्याबरोबर काही दिवसांत बंद. तिन्ही गोष्टी एकाच सरकारनं केलेल्या. फरक एवढाच की कोणती कुठं बांधून ठेवली होती, कायद्याला, लोकांच्या खिशाला, की मंत्र्याच्या सहीला.

अमेरिकेत पॅरिस कराराचं जे आत-बाहेर चाललंय ते पण असंच समज. ओबामांनी तो सिनेटपुढे न नेता राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारात स्वीकारला, म्हणून ट्रम्प यांना सहीनं बाहेर पडता आलं, बायडन यांना २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी सहीनं परतीचा कागद पाठवता आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परत सही केली. सहीनं आलेलं सहीनं जातं. बायडन यांचा २०२२ चा स्वच्छ ऊर्जेच्या करसवलतींचा कायदा मोडायला मात्र नुसती सही पुरली नाही, २०२५ मध्ये संसदेतून नवा कायदा करावा लागला.

परत ऑस्ट्रेलियात येते. अक्षय ऊर्जेच्या सक्तीचं टार्गेट २०२० पर्यंत ४१ हजार गिगावॅट-तास होतं. ॲबट सरकारनं २०१४ मध्ये ते तपासायला समिती बसवली. नुसती समिती बसवली, आकडा हलवला नाही, तरी मोठे पवनऊर्जा प्रकल्प जवळजवळ ठप्प झाले, कारण बँकांनी हात वर केले. जून २०१५ मध्ये आकडा ३३ हजारांवर आणला आणि विषय मिटला. तेव्हा माझ्या ओळखीतले काही जण, विंड फार्मवर काम करणारे चांगले इंजिनिअर, दुसऱ्या क्षेत्रात निघून गेले आणि नंतर कामं परत सुरू झाली तेव्हा ते परत आले नाहीत. आकडा कमी झाल्याचं मला एवढं दुःख नाही जेवढं त्या दीड वर्षाचं आहे.

मग सप्टेंबर २०१५ मध्ये तेच टर्नबुल पंतप्रधान झाले जे याच विषयावर २००९ मध्ये खुर्ची गमावून बसले होते. आम्हाला वाटलं आता गाडी रुळावर येईल. माणूस तोच, समज तीच, पण पक्ष पण तोच होता ना! त्यांनी वीज क्षेत्रासाठी एक मवाळ योजना आणली, त्यांच्याच पक्षातल्या मागच्या बाकावरच्यांनी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी, बंड केलं, ऑगस्ट २०१८ मध्ये योजनेतला उत्सर्जनाचा भाग मागे घेतला तरी बंड शमलं नाही आणि त्याच आठवड्यात त्यांची खुर्ची परत गेली, स्कॉट मॉरिसन आले. म्हणजे नेत्याच्या मनात काय आहे याला फार महत्त्व देऊ नकोस. त्याच्या मागच्या बाकावर कोण बसलंय ते बघ. मॉरिसन म्हणजे २०१७ मध्ये कोळशाचा गोळा हातात घेऊन संसदेत आलेले मंत्री, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्लासगो हवामान परिषदेच्या तोंडावर २०५० पर्यंत नेट झिरोची, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून हिशोब शून्यावर आणायची, घोषणा करणारे पंतप्रधानही तेच.

या सगळ्या गोंधळात काही गोष्टी मात्र थांबल्या नाहीत. व्हिक्टोरियातल्याच लाट्रोब खोऱ्यातलं हेझलवूड, १६०० मेगावॅटचं तपकिरी कोळशावरचं जुनं वीज केंद्र, मार्च २०१७ मध्ये बंद झालं. कुठल्या हवामान कायद्यानं नाही, केंद्र जुनं झालं होतं, दुरुस्तीचा खर्च परवडत नव्हता, मालकांनी जेमतेम पाच महिन्यांची नोटीस दिली आणि कुलूप लावलं. मी त्या खोऱ्यात तेव्हा कामाला जायचे, बापलेक एकाच केंद्रावर नोकरीला असलेली घरं होती तिथं. धोरण असतं तर त्या लोकांना पाच वर्षं आधी सांगता आलं असतं, दुसरं काम शिकता आलं असतं. धोरण नसलं म्हणून कोळसा वाचला नाही, फक्त माणसं बेसावध पकडली गेली. पुढे नियम झाला की केंद्र बंद करायचं तर किमान तीन वर्षं आधी कळवायचं.

आणि घरांच्या छतावरचं सोलर. पॅनल बसवताना मिळणारी सवलत ही त्याच हॉवर्ड यांच्या २००१ च्या योजनेतून आलेली, ती हॉवर्ड ते अल्बनीज सगळ्यांच्या काळात चालू राहिली. आज ४० लाखांहून जास्त घरांवर आणि दुकानांवर पॅनल आहेत, साधारण तीन घरांमागे एक. ज्याच्या छतावर पॅनल आहे तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला हात लावणारा नेता मला अजून दिसलेला नाही.

२०२२ मध्ये अल्बनीज आले आणि त्यांनी २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४३ टक्के कपातीचं टार्गेट कायद्यात घातलं, ही बातमी सगळीकडे छापून आली. पण कारखान्यांवर खरा परिणाम झाला तो मार्च २०२३ मध्ये. वर्षाला १ लाख टनांच्या वर उत्सर्जन असलेल्या दोनशेच्या वर ठिकाणांना आपली मर्यादा दर वर्षी ४.९ टक्क्यांनी खाली आणणं बंधनकारक झालं, १ जुलै २०२३ पासून. आता गंमत नाही, महत्त्वाचं सांगते: ही यंत्रणा अल्बनीज यांनी नव्यानं बांधली नाही. २०१६ पासून ती होतीच, ॲबट सरकारनं कार्बन टॅक्सच्या बदल्यात आणलेल्या योजनेचा एक तुकडा होता तो, फक्त मर्यादा इतक्या सैल होत्या की कोणाला चिमटा बसत नव्हता. आणि ॲबट यांची यंत्रणा उभी होती हॉवर्ड यांच्या २००७ च्या मोजणीच्या कायद्यावर. अल्बनीज यांनी स्क्रू आवळले. २००९ मध्ये मिळमिळीत म्हणून विरोधात गेलेल्या ग्रीन्सनी या वेळी एकूण उत्सर्जनावर कमाल मर्यादा घालून घेतली आणि बाजूनं मत दिलं. विरोधकाची यंत्रणा वापरली की पुढच्या वेळी तोडणं त्यांनाही अवघड जातं, हे शहाणपण १४ वर्षांनी आलं.

म्हणजे आता सगळं पक्कं झालं का? नाही. २०२५ च्या इलेक्शनमध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते, लिबरल पक्षाचे पीटर डटन सात ठिकाणी अणुवीज केंद्रं बांधायचं आश्वासन देऊन उतरले आणि स्वतःची जागाही हरले, तरी त्यानंतर नोव्हेंबरमध्ये लिबरल पक्षानं २०५० च्या नेट झिरोचं टार्गेट सोडून दिलं. म्हणजे माझ्या क्लायंटच्या डोक्यात ती शंका आहेच, की हे गेले आणि ते आले तर?

तुला भारताचं पण लिहावं लागेल, तर ही तुलना वापर. वाजपेयींच्या काळात २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्याच कायद्याखाली मनमोहनसिंग सरकारनं २०१२ मध्ये ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जा बचतीचं टार्गेट दिलं आणि जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रं विकायची सोय केली. त्याच कायद्यात मोदी सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती करून कार्बन बाजाराला, म्हणजे कार्बन बचतीच्या खरेदी-विक्रीला, जागा केली. तीन सरकारं, एक कायदा. सोलरचं पण तसंच, २०१० चं मिशन २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅटचं होतं, २०१५ मध्ये ते १ लाखावर नेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो टप्पा ओलांडला, उशिरा पण ओलांडला. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यातला माणूस बचतीचं मशीन घेताना सरकार बदलेल का हा प्रश्न विचारत नाही, मेलबर्नचा माझा क्लायंट तो पहिला विचारतो. याचं कारण मला असं वाटतं की भारतात हा विषय इलेक्शनचा मुद्दा झालाच नाही, त्यामुळे तोडायला कोणी टपलेलं नाही. पण त्याच कारणानं कोळशाला विरोध करणारंही संसदेत फारसं कोणी नाही, कोळसा पण तिन्ही सरकारांत तितक्याच सुखानं वाढला. हे दोन्ही लिही, एकच बाजू लिहू नकोस.

आणि त्या दूध पावडरच्या प्लांटचं सांगायचं राहिलं. २०१५ पासून क्वीन्सलँडमधून गॅसची जहाजं आशियाकडे जायला लागली, पूर्व किनाऱ्यावरचा गॅस जागतिक भावाला बांधला गेला, आणि प्लांटचं जुनं कंत्राट संपून नवीन झालं तेव्हा दर जवळपास दुप्पट. पाच वर्षांची परतफेड अडीचवर आली. मी तीच जुनी फाईल काढली, कार्बनची ओळ खोडून टाकली, गॅसचा नवा दर टाकला, आणि २०१८ मध्ये, मॉरिसन पंतप्रधान झाले त्याच सुमाराला, एक्स्चेंजर बसला. कार्बनची किंमत टिकली असती तर तो २०१४ लाच बसला असता. मधल्या चार वर्षांत जी ऊब चिमणीतून गेली ती कार्बनच्या हिशोबात १२ हजार टन होते, हा आकडा माझ्या वहीत आहे, दर ऑक्टोबरला रिपोर्ट भरताना मी तो बघते.